शुश्रूषा : दयेला दक्षतेची जोड

(सुवर्णमहोत्सवी कार्यक्रमातील भाषण)



मी व्यवसायाने कापडाचा व्यापारी आणि शिक्षणाने वाणिज्य पदवीधर. रुग्णशुश्रूषेसारख्या विषयावर मी बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. मी डॉक्टर नाही. आजारी माणसाच्या उशाशी बसणाऱ्या कुटुंबीयांपैकी एक म्हणून मी आपल्यासमोर उभा आहे. आज ही वेळ प्रत्येक घरावर येते. वाघोली २०२१ साली पुणे महानगरपालिकेत समाविष्ट झाली. शेतांच्या जागी उंच इमारती आल्या. मुले-सुना सकाळी कामावर जातात आणि घरात वृद्ध आई-वडील उरतात. शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला पूर्वीच्या मानाने लवकर घरी सोडतात. म्हणजे रुग्णालयातील वॉर्डाचे निम्मे काम आता आपल्या बेडरूममध्ये होते, आणि ते करणाऱ्याला त्याचे शिक्षण कोणी दिलेले नसते.

आपल्या धर्मात वैयावच्च हे अभ्यंतर तप मानले आहे. आजाऱ्याची सेवा करणे ही आपल्याला नवी शिकवण नव्हे. परंतु तपाला जसा विधी असतो, तसा सेवेलाही असतो. नुसत्या दयेने रुग्ण सुरक्षित राहत नाही. दयेला दक्षतेची जोड लागते. ‘शुश्रूषा’ या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थच ‘ऐकण्याची इच्छा’ असा आहे. रुग्ण काय सांगतो, त्याचे शरीर काय सांगते, हे आधी ऐकायचे आणि मग हात पुढे करायचा.

या कार्याची परंपरा आपल्या पुण्याच्या मातीतच आहे. १८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीबाई फुले यांनी आपले डॉक्टर पुत्र यशवंतराव यांच्या दवाखान्यात रुग्णांची सेवा केली आणि त्याच साथीत १० मार्च १८९७ रोजी त्यांनी देह ठेवला.

दुसरे उदाहरण मुंबईच्या केईएम रुग्णालयाचे. तेथील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी अमानुष हल्ला झाला आणि त्या कायमच्या अंथरुणाला खिळल्या. १८ मे २०१५ रोजी त्यांचे निधन झाले. मधल्या ४१ वर्षांहून अधिक काळात परिचारिकांच्या पिढ्या बदलल्या, पण चार नंबरच्या वॉर्डातील ही सेवा खंडित झाली नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या निकालात या सेवेची मुक्तकंठाने प्रशंसा केली. इतकी वर्षे अंथरुणावर असूनही त्यांच्या अंगावर शय्याव्रण, म्हणजे बेडसोअर, झाले नव्हते. येथे कोणतेही महागडे यंत्र नव्हते. वेळेवर कूस बदलणे, अंग कोरडे ठेवणे, नीट भरवणे आणि हे सर्व रोज, न कंटाळता करणे, एवढेच होते.

आता या विधीची मूलतत्त्वे पाहू.

पहिले तत्त्व निरीक्षणाचे. परिचारिका रुग्णाजवळ येताच पाच गोष्टी पाहते : ताप, नाडी, श्वास, रक्तदाब आणि शुद्ध. २०२० च्या साथीपासून ऑक्सिमीटरही घरोघरी आला. विश्रांतीच्या स्थितीत प्रौढ माणसाची नाडी मिनिटाला साधारण ६० ते १००, श्वास १२ ते २० आणि ऑक्सिजन ९५ वा अधिक असतो. ज्यांना फुप्फुसाचा जुना विकार आहे, त्यांची मर्यादा त्यांच्या डॉक्टरांकडून विचारून घ्यावी. यांत सर्वांत दुर्लक्षित गोष्ट म्हणजे श्वास. छातीकडे पाहत घड्याळावर पूर्ण एक मिनिट मोजावे. मोजतो आहोत हे रुग्णाला सांगू नये, कारण त्याने श्वास बदलतो. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ मध्ये रुग्ण खालावत असल्याची पूर्वसूचना देणारी गुणपद्धती तयार केली आणि २०१७ मध्ये ती सुधारली. तीत मिनिटाला २५ वा अधिक श्वास असल्यास सर्वाधिक गुण, म्हणजे सर्वाधिक धोका, धरला आहे.

माझ्या मातोश्रींच्या खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतरची गोष्ट. ताप नव्हता, त्या बोलत होत्या, आम्ही सारे निश्चिंत होतो. इंजेक्शन देण्यास आलेल्या सिस्टरांनी आधी शांतपणे त्यांचा श्वास मोजला. तो २८ भरला. त्यांनी सुई बाजूला ठेवून डॉक्टरांना फोन लावला. न्यूमोनियाची ती सुरुवात होती. वेळीच उपचार झाले आणि आई पुढे सात वर्षे आमच्यात राहिल्या. त्या सिस्टरांच्या हातात त्या वेळी एका घड्याळाखेरीज काहीही नव्हते.

दुसरे तत्त्व नोंदीचे. आम्हा व्यापाऱ्यांना हे समजावून सांगावे लागत नाही. रोजमेळ रोज लिहिला तरच तूट कोठे पडली ते कळते. रुग्णाजवळ एक साधी वही ठेवावी. तारीख, वेळ, ताप, नाडी, श्वास, रक्तदाब, साखर, किती पाणी पोटात गेले, लघवी किती झाली, शौच झाले का आणि कोणते औषध केव्हा दिले, हे त्याच वेळी लिहावे. रात्री आठवून लिहिलेली नोंद भरवशाची नसते. एकच आकडा फार काही सांगत नाही. कालचा, आजचा आणि आत्ताचा आकडा शेजारी ठेवला की चढ-उतार दिसतो. सेवा करणारी व्यक्ती बदलते तेव्हा ही वही आणि चार तोंडी वाक्ये दुसऱ्याच्या हाती द्यावीत.

तिसरे तत्त्व हातांच्या स्वच्छतेचे. १८४७ मध्ये व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात डॉ. सेमेलवाइस यांनी डॉक्टरांना हात निर्जंतुक करायला लावले आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने घटले. रुग्णाला स्पर्श करण्यापूर्वी व नंतर, जखम हाताळण्यापूर्वी आणि मलमूत्र साफ केल्यानंतर साबणाने ४० ते ६० सेकंद हात धुवावेत. हातमोजे घातले म्हणून हात धुणे चुकत नाही.

चौथे तत्त्व औषधाचे. योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग आणि योग्य वेळ या पाच गोष्टी दर वेळी तपासाव्यात. एकाच घरात आजोबा व आजी या दोघांच्या गोळ्या असतात आणि पाकिटे सारखी दिसतात. दोन वेगळे डबे, त्यांवर ठळक नाव, एवढ्याने अनर्थ टळतो.

येथे आपल्या समाजापुरता एक मुद्दा आवर्जून मांडतो. चौविहार, एकासणे, आयंबिल, अठ्ठाई यांमुळे औषधाच्या आणि जेवणाच्या वेळा बदलतात. मधुमेहाची गोळी वा इन्सुलिन चालू असताना उपवास केल्यास रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. पच्चक्खाण घेण्याआधी डॉक्टरांना विचारून वेळा ठरवून घ्याव्यात. आजारपणासाठी पच्चक्खाणात आगारही आहेत, त्याविषयी गुरुभगवंतांना विचारावे. दरदरून घाम, थरथर, गोंधळलेले बोलणे दिसले तर साखर तपासावी. ती ७० च्या खाली असेल आणि रुग्ण शुद्धीत असेल, तर साखरेचे वा ग्लुकोजचे पाणी लगेच द्यावे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नये. तत्काळ १०८ ला फोन करावा.

पाचवे तत्त्व अपाय टाळण्याचे. अंथरुणास खिळलेल्या रुग्णाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी. टाचा, माकडहाड व खुबे रोज उजेडात पाहावेत. लाल झालेली जागा दाबल्यावर पांढरी पडत नसेल, तर ती शय्याव्रणाची सुरुवात समजावी आणि तेथे चोळू नये. भरवताना रुग्णाला बसते करावे आणि नंतर अर्धा तास आडवे करू नये, अन्यथा घास श्वासनलिकेत जातो. रात्री शौचालयाच्या वाटेवर दिवा असावा व पायपुसणी उचलून ठेवावीत. चेहरा एका बाजूला वाकडा झाला, एक हात उचलेना किंवा बोलणे अडखळू लागले, तर ‘सकाळी पाहू’ म्हणू नये. मेंदूतील रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध पहिल्या साडेचार तासांतच देता येते, आणि त्यासाठी त्रास नेमका किती वाजता सुरू झाला हे सांगावे लागते.

ब्युरोतून येणाऱ्या मावशी व मामा यांच्याविषयीही बोलले पाहिजे. त्यांच्या कष्टांना तोड नाही. परंतु आंघोळ घालणे, भरवणे हे काम वेगळे आणि इंजेक्शन, सलाइन, नळ्यांची निगा हे काम वेगळे. जीएनएम अभ्यासक्रमाला तीन वर्षे आणि बीएस्सी नर्सिंगला चार वर्षे लागतात, ती उगीच नव्हेत. अशा कामासाठी महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी विचारण्यात संकोच करू नये. आपण कापड घेताना पोत पाहतो. येथे तर जिवाचा प्रश्न आहे.

आता विश्वस्त मंडळास एक नम्र विनंती. समाजातील दाते व्हीलचेअर, वॉकर, फाउलर बेड असे रुग्णोपयोगी साहित्य उदारपणे देतात, त्याची अनुमोदना. परंतु साहित्य नेणाऱ्या घराला ते वापरण्याचे ज्ञानही मिळाले पाहिजे. प्रत्येक साहित्यासोबत एक छापील नोंदवही द्यावी. दर तीन महिन्यांनी नोंदणीकृत परिचारिकेकडून दोन तासांचे प्रात्यक्षिक ठेवावे आणि त्यात पुरुषांनी व तरुणांनी प्रामुख्याने बसावे. कारण आजवर हा सारा भार आपण घरातील स्त्रियांवर टाकत आलो आहोत. या उपक्रमास मोठी इमारत लागत नाही. आपले सभागृह आणि काही वह्या पुरेत. पहिल्या वर्षाच्या वह्यांचा खर्च उचलण्याचे भाग्य मला लाभावे, अशी इच्छा व्यक्त करतो.