आम्ही नवेगावबांध पाहून आलो



माघ महिन्यात आपल्या वर्गाची सहल नवेगावबांधला गेली होती. आपल्यापैकी बावीस जण सहलीला आले होते. जे आले नाहीत, ते रोज विचारतात, "गुरुजी, काय पाहिलं तिथं?" एकेकाला सांगण्यापेक्षा आज सगळ्यांना एकदाच सांगतो.

नवेगावबांध गोंदिया जिल्ह्यात आहे. तालुका अर्जुनी मोरगाव. आम्ही साकोलीहून एस.टी.ने गेलो. रेल्वेने जायचे असेल तर गोंदियाहून बल्लारशाकडे जाणारी गाडी धरावी आणि देवलगाव स्टेशनावर उतरावे.

सकाळी आम्ही तलावाच्या पाळीवर चढलो. समोर पाणीच पाणी. तलावाचा पसारा सुमारे ११ चौरस किलोमीटर आहे. भोवती डोंगर उभे आहेत. या डोंगरांना सातबहिणी म्हणतात. डोंगरांवर दाट झाडी. पाण्यावर धुके होते. थोड्या वेळाने ऊन आले, धुके उठले आणि डोंगर पाण्यात उलटे दिसू लागले. दूर पाण्यावर बदकांचे थवे बसले होते. थंडीच्या दिवसांत ही पाखरे उत्तरेकडच्या दूर देशांतून, हिमालय ओलांडून येतात. उन्हाळा लागला की परत जातात.

आपल्या वर्गातल्या सर्वांत म्हाताऱ्या आजी सोबत होत्या. त्यांनी पाण्याला हात जोडले. म्हणाल्या, "देवाची करणी आहे जी, गुरुजी!"

आम्ही म्हणालो, "आजी, डोंगर देवाचे खरे. पण तलाव माणसांचा आहे."

त्यांना ते खरे वाटेना. तुम्हालाही वाटणार नाही. म्हणून नीट सांगतो.

सुमारे तीनशे वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. अठराव्या शतकाची सुरुवात होती. या भागात कोहळी समाजाचे शेतकरी राहत. उसाची शेती आणि तलाव बांधणे यांत ते वाकबगार. त्यांच्यातले कोलू पाटील यांनी हा तलाव बांधला. त्यांनी आधी जागा हेरली. तिथे डोंगर होते आणि डोंगरांच्या मध्ये खिंडी होत्या. पावसाचे पाणी त्या खिंडींतून वाहून जाई. त्या खिंडी मातीची पाळ घालून बुजवल्या, की डोंगरच तलावाच्या भिंती होतात. तेव्हा मोटार नव्हती, यंत्र नव्हते. कुदळ, टोपले आणि माणसांचे हात, एवढ्यावर ही पाळ उभी राहिली.

आजींनी ऐकून घेतले. मग वाकून पाळीची चिमूटभर माती कपाळाला लावली. काही बोलल्या नाहीत.

दुपारी झाडाखाली बसून शिदोरी सोडली. भात, वांग्याची भाजी, जवसाची चटणी. जेवण झाल्यावर आम्ही हात धुवायला पाण्याकडे निघालो. इतक्यात मागून हाक आली, "थांबा जी गुरुजी! पाटीवर लिहिलं हाये, पाणी खोल आहे, उतरू नये."

हाक मारणारी आपल्या वर्गातलीच एक सून. दिवाळीला तिने जोडाक्षरे शिकायला घेतली. आम्ही सारा जन्म मास्तरकी केली, पण ती पाटी आम्ही वाचली नव्हती. तिने वाचली. सगळे हसले, आणि आम्हीही हसलो. पण मनातून फार बरे वाटले.

नंतर आम्ही जंगलात गेलो. हे जंगल १९७५ साली राष्ट्रीय उद्यान झाले. राष्ट्रीय उद्यान म्हणजे काय? तिथे शिकार करता येत नाही. लाकूड तोडता येत नाही. गुरे चारता येत नाहीत. १९७२ सालच्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तशी बंदी आहे. २०१३ साली नवेगाव आणि नागझिरा ही दोन्ही जंगले मिळून व्याघ्र प्रकल्प झाला. इथे वाघ आहे, बिबट आहे, अस्वल आहे, रानगवा आहे. आम्हाला चितळ दिसले आणि माकडे दिसली. वाघ दिसला नाही. वाघ काही आपली वाट पाहत बसत नाही.

आपल्यापैकी एकाने तिथल्या वनरक्षकाला सरळ विचारले, "साहेब, वाघासाठी जंगल राखलं. मग गरिबानं आपली गाय कुठं चारायची?"

तो वनरक्षक चांगला माणूस होता. तो रागावला नाही. म्हणाला, "भाऊ, तुमचं विचारणं खोटं नाही. माझ्याही घरी दोन गाई आहेत." मग त्याने पायाखालची जमीन दाखवली. पालापाचोळ्याचा जाड थर होता. त्याने तो बाजूला केला. खाली काळी, ओलसर माती होती आणि मुळांचे जाळे होते. तो म्हणाला, "पाऊस आधी झाडावर पडतो, मग पाल्यावर, मग मातीत मुरतो. मुळं माती धरून ठेवतात. म्हणून ओढ्यानं तलावात पाणी येतं, माती कमी येते. हा डोंगर उघडा झाला तर पाण्याबरोबर माती येईल, तलाव गाळानं भरेल. मग खालच्या धानाला पाणी कुठलं?"

प्रश्न विचारणारा गप्प झाला. पण त्याचे समाधान झाले असे आम्ही म्हणत नाही. चराईचा प्रश्न खरा आहे. गावाने मिळून आपले कुरण राखले, तर तो थोडा हलका होईल.

जंगलातून परत येताना आम्ही सगळ्यांना मारुती चितमपल्ली यांच्याविषयी सांगितले. ते वनअधिकारी होते. नवेगावबांधला पुष्कळ दिवस राहिले. झाडे, पाखरे, जनावरे यांवर त्यांनी मराठीत पुस्तके लिहिली. २००६ साली सोलापूरच्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. २०२५ साली ते वारले. एवढा विद्वान माणूस, पण रानातल्या माणसांजवळ बसून पाखरांची आणि झाडांची नावे शिकला. त्या माणसांतल्या कितीतरी जणांना अक्षर येत नव्हते, पण ज्ञान होते. तुमच्याजवळही असे पुष्कळ आहे. आता अक्षर आले आहे, तर ते लिहून ठेवा.

परतीच्या एस.टी.त कोणी फारसे बोलत नव्हते. मग मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणाले, "आपलाही तलाव आहे की."

मंडळी, खरे सांगायचे ते इथेच आहे.

आपल्या गावचा तलाव नवेगावएवढा मोठा नाही. पण तोही असाच शेतकऱ्यांच्या हातांनी बांधलेला आहे. आमचे वडील सांगत, पूर्वी दरसाल उन्हाळ्यात घरटी एक माणूस पाळीच्या कामाला जाई. कोणी माती टाकी, कोणी तुडूम दुरुस्त करी, कोणी पाट साफ करी. १९५१ साली मालगुजारी संपली. तलाव सरकारचे झाले. मालगुजारी गेली ते चांगलेच झाले. पण तिच्याबरोबर आपण कुदळही खाली ठेवली. तलाव सरकारचा, मग काम सरकारचे, असे आपण म्हणू लागलो.

आमच्या लहानपणी या तलावात होळीपर्यंत पाणी असे. आता संक्रांतीलाच तळ दिसतो. पाटात बेशरमची झुडपे माजली आहेत. वरच्या टेकडीवर एक मोठे झाड उरलेले नाही. पाऊस पडला की लाल माती वाहत येते आणि तलावात बसते. यात आमचाही दोष आहे. आम्ही शाळेत मुलांना तलावांवर निबंध घातले, पण एक दिवस त्यांना घेऊन पाळीवर गेलो नाही.

आता दोन गोष्टी ठरल्या आहेत.

पहिली गोष्ट. तलावातला गाळ काढावा, असा अर्ज ग्रामपंचायतीला द्यायचा आहे. गाळ काढला तर तलावात पाणी जास्त राहील, आणि तो गाळ शेतात टाकला तर शेत सुधारेल. अर्ज वर्गातल्या पाच बायांनी लिहिला आहे. आम्ही फक्त दोन ठिकाणी काना-मात्रा सुधारला. खाली एकेचाळीस जणांच्या सह्या आहेत. अंगठा एकही नाही.

दुसरी गोष्ट. अर्जाचे उत्तर येईल तेव्हा येईल. तोवर आपला पाट आपण साफ करू. येत्या रविवारी सकाळी सात वाजता पाळीवर जमायचे. घरटी एक माणूस. कुदळ, घमेले, विळा, ज्याच्याकडे जे असेल ते आणावे. पाऊस लागला की वरच्या टेकडीवर झाडे लावू. ती दोन वर्षे राखायची कोणी, हेही त्याच दिवशी ठरवू.

आजी म्हणाल्या आहेत, "मला कुदळ झेपणार नाही. मी सगळ्यांना पाणी पाजीन."

आम्ही सहा वाजताच पाळीवर येऊन बसू.