पेटी उचलायच्या आधी आर नंबर बघा
(प्रभागसंघाची मासिक बैठक, नायगाव – बोलण्याचा मजकूर)



सामुदायिक गुंतवणूक निधीतून पैसे घेऊन चार्जर, एलईडी बल्ब, पॉवर बँक असा ठोक माल आणावा का, असं काही गटांनी विचारलंय. नांदेडला मिळतो, देगलूरवरून पुढं हैदराबादला गेलं तर आणखी स्वस्त पडतो म्हणतात. धंद्याला माझी ना नाही. पण पैसे गटाचे आहेत, म्हणून मालाची गोष्ट आधी ऐकून घ्या.

यातला बराच माल बाहेरून येतो, जास्त करून चीनमधून. जहाजानं न्हावा शेवा बंदरात उतरतो. तिथं कस्टमवाले नुसतं बिल बघत नाहीत. केंद्र सरकारनं २०१२ मध्ये एक आदेश काढला, की ठरावीक इलेक्ट्रॉनिक वस्तू भारतीय मानक ब्युरोकडं नोंदवल्याशिवाय देशात बनवायच्या नाहीत, आणायच्या नाहीत, विकायच्या नाहीत. सुरुवातीला यादीत १५ प्रकार होते. पुढं एलईडी बल्ब, पॉवर बँक, मोबाईल असं करत यादी वाढली. नोंदणी नसलेला माल बंदरात सापडला तर आणणाऱ्यानं तो परत पाठवायचा, नाहीतर कस्टमवाले मोडून भंगारात काढतात. आपण सोनं घेताना हॉलमार्क बघतो ना? तो शिक्का ज्यांचा, त्याच ब्युरोचं हे काम आहे.

नोंदणी मिळते कशी? कारखान्यानं नमुना ब्युरोनं मान्य केलेल्या प्रयोगशाळेत तपासून घ्यायचा. मुंबईत अंधेरीला सरकारी प्रयोगशाळा आहे, खाजगीही आहेत. चार्जरचंच बघा. भिंतीतून येतात २३० व्होल्ट, मोबाईलला लागतात ५. मधे एक छोटा ट्रान्सफॉर्मर असतो आणि त्याच्या दोन बाजूंमधे करंट अडवणारा पडदा. सगळा खेळ त्या पडद्याचा. प्रयोगशाळेत त्या पडद्यावर ३००० व्होल्ट मिनिटभर देऊन बघतात, फुटतो का. चार्जर पूर्ण भारावर चालवून किती तापतो ते मोजतात. आतला एखादा भाग मुद्दाम बिघडवतात आणि आग लागते का बघतात. बल्ब तर दोन दिवस दमट कपाटात ठेवून मग तपासतात. आपल्याकडं पावसाळ्यात भिंती ओल्या होतात, तेव्हा याचा अर्थ कळतो.

स्वस्त चार्जरमधे पैसे वाचवतात ते नेमके त्या पडद्यात. बाहेरून दोन्ही चार्जर सारखेच, मोबाईलही दोन्हींवर चार्ज होतो. पण पडदा फुटला की २३० व्होल्ट सरळ वायरीतून मोबाईलपर्यंत. आणि चार्जिंगला लावलेला मोबाईल कोणाच्या हातात असतो? लेकरांच्या.

आता खोक्यावर काय बघायचं. ब्युरोची खूण, तिच्याजवळ आय-एस असा मानकाचा नंबर, आणि इंग्रजी आर अक्षरापुढं आठ आकडे. हा आर नंबर दुकानाचा नसतो, आणणाऱ्या व्यापाऱ्याचाही नसतो. एका कारखान्याचा, एका प्रकारच्या मालाचा, ठरलेल्या ब्रँडचा असतो. म्हणून नुसता छापलेला दिसला की गप बसायचं नाही. दुसऱ्याचा नंबर उचलून छापायला काय लागतं? मोबाईलवर बीआयएस केअर नावाचं ॲप घ्या, फुकट आहे, त्यात नंबर टाका. कारखान्याचं नाव, ब्रँड, माल, नोंदणी चालू की संपलेली, सगळं येतं. खोक्यावर एक ब्रँड आणि ॲपवर दुसरा दिसला, तर पेटी तिथंच ठेवून यायचं. दागिन्याचा हॉलमार्क नंबरही याच ॲपवर तपासता येतो, तेवढ्यासाठी तरी घ्याच.

काही खोक्यांवर सी-ई अशी खूण असते आणि दुकानदार सांगतो, ‘परदेशात पास झालेला माल आहे ताई.’ ती खूण युरोपच्या बाजारासाठी, आणि बऱ्याच मालावर कारखानदार स्वतःच लावतो. आपल्याकडं ती चालत नाही. पाणी तापवायची कॉईल, इस्तरी यांना आर नंबर नसतो, त्यांना आयएसआय लागतो. तोही नंबर ॲपवर बघता येतो. ब्लूटूथसारख्या बिनतारी वस्तूंना दूरसंचार खात्याची वेगळी मंजुरी लागते, त्यात आज शिरत नाही.

आयात मालाच्या खोक्यावर आणणाऱ्याचं नाव-पत्ता, कोणत्या देशात बनला आणि एमआरपी हेही छापलेलं पाहिजे. आणि पक्कं बिल घ्या. कच्च्या चिठ्ठीवर माल घेतला तर उद्या भांडायला कागद कुठून आणणार?

‘आम्ही तर नुसतं विकणार, आमच्यावर काहून येईल?’ असं कोणी म्हणेल. २०१६ च्या कायद्यात विकणं आणि विकायला साठवून ठेवणं हेही गुन्ह्यात धरलंय. पहिल्या वेळचा दंडच किमान २ लाख रुपये लिहिलाय, दोन वर्षांपर्यंत कैदही होऊ शकते. एका गटाची किती वर्षांची बचत जाईल, तुम्हीच हिशोब करा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ‘घरबसल्या बल्ब बनवा, आम्ही परत विकत घेऊ’ म्हणून जे येतात त्यांच्याबद्दल. सुटे भाग बाहेरून आलेले, छोटं मशीन देतात, हजारो रुपये आधी घेतात. बल्ब जुळवून त्यावर गटाचं नाव घातलं की कायद्यानं कारखानदार कोण? आपण. म्हणजे तपासणीचा खर्च आपला, नोंदणी आपली. तो म्हणाला, ‘आमच्या कंपनीचा नंबर आहे, तोच छापा’, तर तेही चालत नाही. नोंदणी ज्या पत्त्याच्या कारखान्याची, तिथंच बनलेल्या मालावर तो नंबर लागतो. नायगावात जुळवलेल्या बल्बावर पुण्याचा नंबर लागत नाही. त्याला एवढंच विचारा, ‘नोंदणीत आमचा पत्ता घालून देता का?’ उत्तरावरून माणूस कळतो.

ज्यांनी आधीच माल आणलाय त्यांनी घाबरून स्वस्तात उडवू नका. एकेक नंबर तपासा. न जुळणारा माल बाजूला काढा आणि बिल घेऊन ठोकवाल्याकडं परत करा. ऐकत नसेल तर ॲपवर तक्रार करता येते, आणि १९१५ हा ग्राहक हेल्पलाईनचा नंबर आहे.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं घरातला एक चार्जर आणायचा. ज्यांच्याकडं साधा फोन आहे त्यांनी शेजारच्या ताईजवळ बसा. सगळे नंबर इथंच तपासू, आणि कर्जाचे अर्ज त्यानंतर घेऊ.