"आता माझा काय उपयोग?"

आजचा विषय थोडा जड आहे, पण घरात कुणी खूप आजारी असेल तर शेवटपर्यंत ऐकाच.

"आता माझा काय उपयोग? तुम्हाला नुसता त्रास." हे वाक्य आपण सगळ्यांनी कधी ना कधी ऐकलंय. आपलं उत्तरही ठरलेलं असतं, "असं काही बोलू नका, सगळं ठीक होईल." आणि विषय बंद.

ऑस्ट्रेलियातले मानसोपचारतज्ज्ञ डेव्हिड किसेन यांनी २००१ मध्ये सहकाऱ्यांसोबत याच अवस्थेवर सविस्तर लिहिलं. तिचं नाव डिमॉरलायझेशन. आपण साधं 'खचणं' म्हणू. हे आणि डिप्रेशन एकच नाही, असं त्यांचं म्हणणं. डिप्रेशनमध्ये समोरच्या गोष्टीतला आनंदही आटतो. खचलेला माणूस मात्र नातू मांडीवर आला की हसतो, चहा आवडीने पितो. पण उद्याचा विषय निघाला की गप्प! आपल्या हातात काही नाही, पुढे जगण्याला अर्थ नाही, असं त्याला वाटत असतं. घरच्यांना वाटतं, हसतायत म्हणजे बरे आहेत. अर्थात, दोन्ही एकत्रही असू शकतं, म्हणून डॉक्टरांशी बोलायला हवंच.

माझे काका तीस वर्षं मेकॅनिक होते. केमो सुरू असताना घरात बोलणं फक्त रिपोर्टचं. एकदा शेजारचा मुलगा आला, बाइक सारखी बंद पडतेय म्हणून. काकांनी पलंगावरूनच इंजिनाचा आवाज ऐकला आणि कार्बोरेटर साफ करायला सांगितलं. गाडी चालू झाली. त्या रात्री काका दोन घास जास्त जेवले. आजार तेवढाच होता. पण तेवढ्या वेळापुरते ते पेशंट नव्हते, मेकॅनिक होते.

कॅनडातले मानसोपचारतज्ज्ञ हार्वी चोचिनोव्ह यांनी याच धाग्यावर एक पद्धत बांधली, डिग्निटी थेरपी. पेशंटला विचारतात: आयुष्यातलं काय जास्त आठवतं? कशाचा अभिमान वाटतो? घरच्यांना काय सांगून ठेवायचंय? उत्तरं रेकॉर्ड करतात, लिहून काढतात, नीट करून त्यांना वाचून दाखवतात आणि ती प्रत त्यांच्याच हातात देतात. २००५ च्या त्यांच्या अभ्यासात १०० पेशंट होते. त्यातल्या ६८ टक्के लोकांनी जगण्याला हेतू असल्याची भावना वाढली, असं सांगितलं. ही जादू नाही हं! २०११ च्या मोठ्या चाचणीत मानसिक त्रासाच्या मोजमापात नेहमीच्या उपचारांपेक्षा ठळक फरक दिसला नाही. तरी ही पद्धत उपयोगी पडली, असं सांगणारे पेशंट जास्त होते.

आपण थेरपिस्ट नाही. पण रेकॉर्डर प्रत्येकाच्या खिशात आहे. आधी परवानगी घ्या. दुखत असेल, दम लागत असेल, तर आधी त्यावर इलाज. मग एकच प्रश्न विचारा, "तुमची पहिली नोकरी कशी लागली?" आणि गप्प बसून ऐका. मध्येच धीर द्यायची घाई नको. नंतर एखादा खरा सल्ला मागा, आमटीचा असो की जमिनीच्या कागदांचा. आणि तो पाळा.

"मला संपवायचंय" असं कुणी बोललं तर मात्र थांबू नका. लगेच डॉक्टरांना सांगा. टेलि-मानसचा १४४१६ हा मोफत नंबरही आहे.

आज हा भाग संपला की फोन खिशात टाकू नका. आधी त्यांच्याजवळ जाऊन बसा. भेटू पुढच्या भागात!