योरुबा भाषेंतील सूर

नायजेरियाच्या नैर्ऋत्य भागांत व शेजारच्या बेनिन देशांत योरुबा भाषा बोलली जाते. मराठी कानाला ती प्रथम ऐकतांना कोणी बोलत नसून गुणगुणत आहे असा भास व्हावा. आणि तो अगदींच खोटा नव्हे. या भाषेंत प्रत्येक अक्षराला उच्च, मध्यम वा नीच असा सूर असतो व त्यावर अर्थ ठरतो. 'ऑकॉ' हाच शब्द घ्या. दोन्ही अक्षरें मध्यम सुरांत उच्चारलीं तर नवरा. दुसरें उंचावलें तर कुदळ. तेंच खालीं आणलें तर होडी. आणि दोन्ही खालच्या सुरांत म्हटलीं तर भाला! 'इंद्रशत्रु' शब्दाचा स्वर चुकला आणि वृत्रच मारला गेला, ही कथा आपल्याकडील वैदिक सांगतात. योरुबांत तो धोका रोजच्या बाजारांत आहे.

सूर इतका प्रबळ कीं तो वाद्यावरही उतरतो. डुंडुन नांवाचें डमरूच्या आकाराचें वाद्य बगलेंत दाबलें कीं दोऱ्या ताणून सूर चढतो. जाणता श्रोता त्यांतून वाक्यें ओळखतो.

व्यंजनांत मौज आहे ती 'ग्ब' या ध्वनीची. आपण तो जोडाक्षरानें लिहूं, परंतु येथें ग् आणि ब् एकामागून एक नव्हे, तर एकाच क्षणीं फुटतात.

या भाषेचा शब्दसंग्रह १८४३ सालीं सॅम्युएल अजायी क्राउथर यांनीं छापविला. १८२१ मध्यें ते गुलाम म्हणून पकडले गेले होते. पुढल्या वर्षीं सुटका होऊन फ्रीटाऊनला पोंचले. ते ओयोकडचे. ग्रंथभाषाही मुख्यत्वें ओयोच्या वळणावर गेली. एकिटी लोक घराला 'इले' न म्हणतां 'उले' म्हणतात. इजेबू व ओंडोकडे एक जुना घर्षक कंठ्य ध्वनि टिकून आहे, ओयोंत त्याचा ओष्ठ्य 'व' झाला. पुस्तकांत यांना जागा थोडीच.

मिशनऱ्यांनीं इंग्रजी चालींवर योरुबा गीतें बसविलीं, तेव्हां चाल वर गेली कीं शब्दही वर गेला व भलताच अर्थ सांगूं लागला. छापखान्यांतही सुरांच्या खुणा पुष्कळदां गाळल्या जातात. मग नवरा, कुदळ, होडी आणि भाला कागदावर एकच दिसतात, आणि कोणता तें वाचणाऱ्यानें मागल्यापुढल्या शब्दांवरून ओळखावयाचें.