उन्हाळ्याची सुटी आणि पर्वताचा धडा



कोलकात्याच्या उकाड्याला कंटाळलेली कुटुंबे दार्जिलिंगला जातात, टायगर हिलवरून सूर्योदय पाहतात आणि परततात. त्याच गावात १९५४ साली हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट स्थापन झाली. एव्हरेस्टवीर तेनसिंग नोर्गे यांनी तेथे नवख्यांना गिर्यारोहणाचे शिक्षण दिले.

जवळच्या मानेभंजनहून ३,६३६ मीटर उंचीच्या संदकफूपर्यंत जीप जाते. पायी चढणाऱ्याला मात्र प्रत्येक चढ आपल्या श्वासाने मोजावा लागतो. विरळ हवेत डोके दुखू लागले तर थांबावे, दुखणे वाढले तर खाली उतरावे, हा तिथला पहिला नियम. सदैव पुढेच धावायला शिकवलेल्या मुलांना माघारीतले शहाणपण दुसरीकडे कोठे शिकायला मिळणार? पावसाळ्यापूर्वीच्या सुटीत त्यांना त्या वाटेने अवश्य चालू द्यावे.