आधी कच्चा खेळ, मग पक्का



आज मी खेळाविषयी बोलणार आहे. कुणी म्हणेल, "खेळ हा पोराटोरांचा विषय. आम्हांला काय त्याचे?" पण तसे नाही. जुन्या देवळाच्या ओट्यावर, किल्ल्याच्या पायरीवर कधी नीट पाहा. एकात एक असे तीन चौकोन दगडात कोरलेले पुष्कळ ठिकाणी दिसतात. तो नवकंकरीचा पट. कंकर म्हणजे खडा. दोघांनी नऊ-नऊ खडे घ्यायचे आणि पटावरच्या 24 ठिकाणी मांडायचे. आपले तीन खडे एका ओळीत आले, की समोरच्याचा एक उचलायचा. हा काही नुसता पोरांचा खेळ नव्हे. मोठी माणसेही तो खेळत आली आहेत. त्याला खर्च किती? काही नाही. खडे रस्त्यावरचे आणि पट पायाखालच्या दगडाचा.

आपण आता वाचायला शिकलो. पण शिकलेले अक्षर वापरले नाही तर ते हातचे जाते. विळा खुंटीला टांगून ठेवला तर गंजतो, तसेच हे. दिवसभर राबून आल्यावर रोज पुस्तक हाती धरवत नाही, हे खरे आहे. पण चार माणसे जमवून अर्धा तास अक्षरांचा खेळ खेळता येईल. असा खेळ आपला आपणच करू या. तो कशाचा करावा, हत्यारे कोणती घ्यावी, तेच आज सांगतो.

अमेरिकेत आल्फ्रेड बट्स नावाचे एक गृहस्थ होते. ते इमारतींचे नकाशे काढीत. 1930 नंतरच्या मंदीत त्यांचे काम गेले. रिकाम्या वेळात त्यांनी अक्षरे जुळवून शब्द करण्याचा खेळ रचायला घेतला. कोणते अक्षर किती वेळा घालावे हे ठरवायचे होते. त्यांनी वर्तमानपत्राची पाने घेतली आणि एकेक अक्षर मोजले. इंग्रजीत 'ई' फार वेळा येते, 'क्यू' क्वचित येते. म्हणून 100 ठोकळ्यांत 'ई'चे 12 आणि 'क्यू'चा एकच ठोकळा ठेवला. पहिले संच त्यांनी घरीच हाताने केले. लाकडाच्या तुकड्यांवर अक्षरांचे कागद चिकटवले आणि घरच्यांना, मित्रांना खेळायला बसवले.

आता पुढची गोष्ट ध्यानात घ्या. इंग्रजीत 'एस' हे अक्षरही फार वेळा येते. पण शब्दाच्या शेवटी 'एस' लावला की एकाचे अनेक होतात, आणि खेळ फारच सोपा होतो. म्हणून त्यांनी 'एस'चे चारच ठोकळे ठेवले. म्हणजे नुसती मोजणी पुरत नाही. खेळ चांगला की वाईट हे खेळूनच कळते. कारखानदारांनी तो खेळ आधी नाकारला होता. पुढे 1948 साली तो 'स्क्रॅबल' या नावाने बाजारात आला, आणि आज तो जगभर खेळतात.

यातून आपण काय घ्यायचे? पहिल्या दिवशी खेळ पक्का करायचा नाही. आधी कच्चा करायचा. कच्चा म्हणजे जो खोडता येईल, फाडता येईल, आणि फाडताना जिवाला लागणार नाही असा. तेलरंगाने फळी रंगवून बसलात आणि मग खेळात खोट निघाली, तर काय कराल? इतकी मेहनत वाया कशी घालवायची, म्हणून माणूस वाईट खेळच रेटत राहतो. चार जण एकदा कंटाळले, की पुन्हा खेळायला येत नाहीत. मग खेळ गेला आणि अक्षरेही गेली.

तेव्हा कच्च्या खेळाला काय लागते ते ऐका. मागची बाजू कोरी असलेली जुनी पाने घ्या. शिसपेन्सिल, खोडरबर, पट्टी आणि कात्री घ्या. बस्स. एवढ्यात काम भागते. पटाचा खेळ असेल तर कागदही नको. अंगणात कोळशाने किंवा खडूने आखा.

आता आपल्या अक्षरांची मोजणी करू. आपल्या वाचनपुस्तकाचे एक पान घ्या आणि 300 अक्षरे मोजा. काना-मात्रा सोडून नुसते मूळ अक्षर धरा. 'की' असो, 'कु' असो, 'क'च्या नावावर एक रेघ ओढा. आपल्याला पत्ते 60 करायचे आहेत, म्हणून प्रत्येक बेरजेला 5 ने भागा. 'र' 20 वेळा आला तर 'र'चे चार पत्ते. 'ठ' एकदाच आला तरी त्याचा एक पत्ता ठेवा. अहो, 'पाठ' आणि 'गाठ' त्याच्यावाचून कसे होतील?

पण काना-मात्रेचे काय करायचे? बाराखडीतल्या प्रत्येक अक्षराचा वेगळा पत्ता करू म्हटले, तर चारशेच्या वर पत्ते होतात. ते सांभाळणार कोण? यावर एक तोड आहे. मोठी पाटी आडवी ठेवा. तिच्यावर पत्ते एकेक बोट अंतर सोडून मांडा. मधल्या जागेत खडूने काना ओढा, वर मात्रा द्या, खाली उकार काढा. डाव संपला की पुसून टाका. पत्ता आपला कोराच राहतो. प्रत्येकाने सात पत्ते घ्यावे, आपल्या पाळीला एक शब्द मांडावा आणि तो मोठ्याने वाचावा. जितकी अक्षरे तितके गुण. जोडाक्षरे पहिल्या महिन्यात नकोत.

हा कच्चा खेळ चार-पाच वेळा खेळा. ज्यांनी तो केला नाही त्यांना खेळू द्या, आणि करणाऱ्याने गप्प बसून पाहावे. हे गप्प बसणे फार कठीण असते बरे का! पण आपण मध्ये मध्ये सांगत राहिलो, तर नियम कुठे अडतो ते कळणारच नाही. कुणाच्या हाती एकच अक्षर चार वेळा येते का? कुणी ताटकळत बसते का? नुकतेच शिकलेले माणूस हिरमुसले होऊन उठते का? जे दिसेल ते लिहून ठेवा आणि पेन्सिलीने बदला.

सलग तीन डाव काही न बदलता रंगले, की खेळ ठरला असे समजा. मग पक्का करायला घ्या.

पक्के पत्ते खोक्याच्या पुठ्ठ्याचे करावे. सगळे पत्ते एकाच जातीच्या पुठ्ठ्याचे हवेत. एक जाड, एक पातळ असे झाले, तर थैलीत हात घातला की बोटांना अक्षर कळते. मग खेळात राम उरत नाही. पाठीमागची बाजूही सगळ्यांची सारखीच हवी. सावंतवाडीचा गंजिफा पाहा. दशावतारी गंजिफ्यात 120 पत्ते असतात, दर अवताराचे 12. पत्ते गोल असतात. कागदाचे किंवा कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवून, घोटून, रंगवून त्यांवर लाखेचा हात देत. पुढचे चित्र प्रत्येकाचे निराळे, पण पाठ सगळ्यांची एकच. त्या कारागिरांना हे पक्के ठाऊक होते.

पुठ्ठा कापायला धारदार पाते आणि लोखंडी पट्टी घ्या. लाकडाची पट्टी पात्याने सोलवटते आणि रेघ वाकडी जाते. खाली जुनी फळी ठेवा. एका झटक्यात कापू नका. हलक्या हाताने तीन-चार वेळा पाते फिरवा. पट्टी धरलेल्या हाताची बोटे पात्याच्या वाटेत येऊ देऊ नका. बोथट पाते जास्त घातकी असते, कारण त्याला जोर लावावा लागतो आणि ते सटकते. हे काम मोठ्यांनीच करावे.

चिकटवायला गव्हाच्या पिठाची खळ पुरते. ती पातळ आणि गुठळ्या न होऊ देता शिजवा. पुठ्ठ्याच्या एकाच बाजूला कागद चिकटवला, तर वाळताना तो कागद आवळतो आणि पत्ता वाकतो. म्हणून दोन्ही बाजूंना कागद लावा आणि रात्रभर पाट्याखाली दाबून ठेवा.

पटाच्या खेळाला सोंगट्या लागतात. त्यासाठी सागरगोटे, चिंचोके, गुंड्या, नदीतले गोटे, काहीही चालेल. पण गुंजा घेऊ नका. दिसायला त्या सुरेख असतात, पण त्यांच्या बियांत जबर विष असते. बिब्बेही नकोत, ते अंगावर उततात. आणि घरात रांगते मूल असेल, तर कोणतीही बारीक वस्तू खेळ संपताच डब्यात घाला. मुलाच्या घशात अडकली तर जिवावर बेतते.

दान पाडायला चार चिंचोके घ्या. एक बाजू दगडावर पांढरी होईपर्यंत घासा. पांढऱ्या बाजू किती वर आल्या ते दान. चारही सरळ घासले गेले असतील, तर 16 वेळा टाकल्यावर साधारण सहा वेळा दोनाचे दान पडावे, आणि चारही पांढरे एखाद्याच वेळी. लाकडाचा फासा केला तर तो 60 वेळा टाकून पाहा. प्रत्येक आकडा 10 वेळांच्या आसपास यावा. सात किंवा तेरा झाले तरी हरकत नाही. पण एकच आकडा 20 वेळा आला, तर फासा एका बाजूला जड आहे असे समजा आणि तो टाकून द्या. खोटा फासा घरात भांडण आणतो.

शेवटी एकच सांगतो. पैसा आणि मेहनत कुठे घालायची? हाताला सारखी लागते त्या वस्तूवर. पत्ते रोज हाती येतात, ते मजबूत करा. गुण लिहायला पाटी आहेच, आणि ठेवायला जुन्या लुगड्याची थैली पुरे.

आणि संच तयार झाला की नियम एका कागदावर स्वतः लिहा. छोटी वाक्ये लिहा. शेजाऱ्याला वाचायला द्या. त्याला न विचारता खेळता आले, तर तुमचा खेळही पक्का आणि तुमचे लिहिणेही पक्के.