एकसष्टाचे उत्तर

(जालना येथील वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



शिक्षणनिधीतून कोणत्या विद्येस साहाय्य द्यावे, हा वाद आपल्या मंडळात चालू आहे. ज्या विद्येने पोट भरत नाही तीस पैसाही नको, असे एक मत ऐकू येते. त्यास उत्तर म्हणून आम्ही आज आपणापुढे एक संख्या ठेवीत आहोत : १,७६,६३,१९,०४९.

भास्कराचार्यांनी इ. स. ११५० मध्ये रचलेल्या ‘सिद्धान्तशिरोमणी’च्या बीजगणितात एक प्रश्न आहे. कोणत्या वर्गास ६१ ने गुणून त्यात १ मिळविला असता पुन्हा पूर्ण वर्गच येतो? प्रश्न दिसतो शाळकरी. ६१ ऐवजी ६० घ्या : ४ चा वर्ग १६, त्याची साठपट ९६०, एक मिळविला की ९६१, म्हणजे ३१ चा वर्ग. ६२ घेतल्यास ८ ने काम भागते. वर्गमूळ ६३ येते. परंतु मधल्या ६१ ला लहानात लहान संख्या लागते ती २२,६१,५३,९८० ! आणि मिळणारे वर्गमूळ म्हणजेच आमची ही संख्या. शेजारावरून घराची परीक्षा संख्यांच्या आळीतही फसते.

एकेक संख्या घेऊन पाहू म्हटल्यास आयुष्य सरेल. आचार्यांची वाट चक्रवालाची. आरंभ ८ पासून : ८ चा वर्ग ६४, ६१ हून ३ ने अधिक. पुढच्या फेऱ्यात ३९ व ५ ही जोडी येते. ३९ चा वर्ग १५२१, ५ च्या वर्गाची एकसष्टपट १५२५, अंतर अवघे ४. तेथून ब्रह्मगुप्ताच्या ‘भावने’ने, म्हणजे दोन उत्तरांच्या गुणाकारांतून तिसरे काढण्याच्या रीतीने, २९७१८ व ३८०५ हाती लागतात. येथे अंतर एकाचेच, पण उणे. आता २९७१८ च्या वर्गाची दुप्पट करून १ मिळवा; आमची संख्या उभी राहते. आणि या संख्येस त्या बावीस कोटींच्या संख्येने भागले तर ६१ चे वर्गमूळ दशांशाच्या सोळा स्थळांपर्यंत बिनचूक मिळते. विद्यार्थ्यांनी घरी जाऊन हे अवश्य करून पाहावे. फ्रान्समधील फर्मा याने १६५७ मध्ये हेच ६१ आपल्या देशबांधवांस घातले, तेव्हा इकडील उत्तरास पाचशे वर्षे होऊन गेली होती.

आता पैशाची गोष्ट. आपल्या भोकरदनच्या उत्तरेची अजिंठ्याची रांग पश्चिमेकडे धरून गेल्यास तिच्या पायथ्याशी चाळीसगावजवळ पाटण लागते. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव हे यादव राजा सिंघणाचे ज्योतिषी. आजोबांचे ग्रंथ शिकविले जावेत म्हणून त्यांनी तेथे मठ स्थापिला. निकुंभ वंशातील सोइदेवाने त्यास दान दिले. तेथील सुमारे १२०७ सालचा शिलालेख संस्कृतात आहे. मात्र मठास नेमून दिलेल्या उत्पन्नाचा भाग मराठीत कोरला आहे, कारण तो बाजारातल्या माणसांस कळावयाचा होता. विकावयास येणाऱ्या मालावरील उत्पन्न, आणि चालत्या घाण्यामागे पळीभर तेल. त्या मठातल्या गणिताने त्या तेल्याच्या पदरात काय पडले असेल, ते आपणच मनाशी ठरवावे. तेल मात्र त्याने दिले.

यंदाच्या निधीत शुद्ध गणित शिकणाऱ्या एका विद्यार्थ्यासाठी किंवा विद्यार्थिनीसाठी जागा राखावी, अशी सूचना आम्ही सभेपुढे मांडतो.